मार्चअखेरची सुट्टी आणि तालकटोरा बाग

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद किंवा फरिदाबादला राहणाऱ्या मराठी घरात मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो. "आई, आता काय करायचं?" परीक्षा संपलेली असते, निकाल हातात असतो किंवा दोन दिवसांवर असतो आणि नवी इयत्ता एप्रिलच्या सुरुवातीला लागणार असते. महाराष्ट्रातल्या मुलांची मे महिन्याची सुट्टी ऐसपैस असते, ही जेमतेम आठवड्याभराची. गावी जाऊन यायचं म्हटलं तर येण्याजाण्यातच दोन दिवस जातात. आजीआजोबा मात्र याच काळात इकडे आलेले असतात. थंडी संपलेली असते आणि ऊन अजून अंगावर येत नसतं.

मग बहुतेक घरांत काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मॉल, सिनेमा, तिथलंच जेवण, आणि उरलेला वेळ मोबाइल. यंदा त्यातला एक दिवस बागेसाठी राखून ठेवा. याला कारण आहे. नोव्हेंबर ते जानेवारी आपण मुलांना धुरक्यामुळे घरात कोंडतो. हवा फारच बिघडली की शाळाही मैदानावरचे तास बंद करतात. एप्रिलच्या मध्यानंतर ऊन तापतं, मे-जूनमध्ये लू वाहते, पुन्हा दारं बंद. मुलांनी दिवसभर बाहेर हुंदडावं असे आठवडे या शहरात मोजकेच असतात आणि मार्चअखेर त्यातले शेवटचे दिवस येतात. हा दिवस हुकला, तर पुढचा थेट ऑक्टोबरात.

कुठली बाग?

दिल्लीत बागांना तोटा नाही. लोदी गार्डनमध्ये सय्यद आणि लोदी सुलतानांच्या कबरींभोवती हिरवळ आहे. हुमायूनच्या मकबऱ्याशेजारची सुंदर नर्सरी २०१८ साली नव्या रूपात खुली झाली. चाणक्यपुरीत नेहरू पार्क आहे. राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये काही आठवडे लोकांसाठी उघडतं आणि तिथे ट्युलिप बघायला झुंबड उडते.

पण मराठी कुटुंबासाठी मी एक नाव पुढे करीन, तालकटोरा गार्डन. राष्ट्रपती भवनाच्या मागच्या अंगाला, मदर तेरेसा क्रिसेंट रस्त्यावर, राममनोहर लोहिया रुग्णालयापासून जवळ. नाव ऐकलं की लोकांना तालकटोरा स्टेडियम आठवतं. स्टेडियमला लागूनच ही बाग आहे, आणि कित्येक जण तिच्याकडे न बघता पुढे जातात.

जायला अवघड नाही. नोएडा किंवा वैशालीहून निळ्या मेट्रोने रामकृष्ण आश्रम मार्ग स्थानकावर उतरा. गुरुग्रामहून पिवळ्या आणि फरिदाबादहून जांभळ्या मेट्रोने केंद्रीय सचिवालय गाठा. तिथून रिक्षा करा. दिल्लीत तिला 'ऑटो' म्हणायचं, नाहीतर सायकलरिक्षा समोर येऊन उभी राहील. सकाळी आठपर्यंत पोहोचलात तर उत्तम, कारण बारानंतर ऊन जाणवायला लागतं.

वाटीतली बाग

मुलांना आधी नावाचा अर्थ विचारा. ताल म्हणजे तलाव, कटोरा म्हणजे वाटी. अरवलीची जी रांग दिल्लीपर्यंत येते आणि जिला इथे 'रिज' म्हणतात, तिच्या कुशीत हा वाटीसारखा खोलगट भाग आहे. चढावरचं पाणी इथे उतरून साठायचं. जुना तलाव आता नाही, पण मुघल काळातल्या बांधकामाच्या खुणा अजून दिसतात. जमिनीचे चढउतारही मुलांना धावताना पायांना कळतात.

आता झाडांकडे वळा. पानगळ थंडीत होते, असं मुलांनी पुस्तकात वाचलेलं असतं. दिल्लीत ती मार्चमध्ये बघायला मिळते. कडुनिंबाची पिवळी पानं भुरुभुरु गळत असतात आणि त्याच फांदीवर तांबूस कोवळी पालवी फुटत असते. पिंपळ तांब्यासारखा चकाकतो. पिलखन नावाचं, वडाच्या कुळातलं झाड काही दिवस गुलाबी-तांबूस दिसतं आणि मग बघता बघता हिरवं होतं. सावरीची लाल फुलं (इथे तिला सेमल म्हणतात) या सुमारास संपत आलेली असतात. खाली पडलेलं एखादं जाडजूड फूल मिळालंच तर मुलांच्या हातात द्या. त्याचं वजन त्यांना चकित करतं.

एक सोपा खेळ सांगते. प्रत्येकाला एक कागदी पिशवी द्या आणि अर्ध्या तासात पडलेल्या पानांपैकी जितके रंग सापडतील तितके गोळा करायला सांगा. झाडावरचं तोडायचं नाही, एवढाच नियम. आजोबांना पंच करा. मध्येच 'टुक टुक टुक' असा एकसुरी आवाज येईल, तो तांबट पक्ष्याचा. ऊन वाढायला लागलं की तो बोलायला लागतो. दिसायला हिरवा असल्याने पानांत सापडत नाही, पण शोधण्यात मुलांचा अर्धा तास सहज जातो.

कडुनिंबाजवळ आलात की आजीला बोलू द्या. गुढीपाडवा याच दिवसांच्या आगेमागे येतो. गुढीला बांधायचा डहाळा आणि गुळाबरोबर चावायचा कोवळा पाला कुठून येतो, ते दिल्लीत वाढणाऱ्या मुलाने झाडाखाली उभं राहून ऐकलेलं बरं. नवी दिल्ली वसवताना रस्त्यांच्या कडेला कडुनिंब मोठ्या संख्येने लावले गेले. त्यामुळे पाडव्याचं झाड या शहरात परकं नाही.

जेवणानंतरची गोष्ट

डबा मराठीच न्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, काकडीची कोशिंबीर आणि थर्मासमध्ये थंड ताक. वाटेत शहतूत विकायला दिसले तर जरूर घ्या. आपण ज्यांना तुती म्हणतो ती ही फळं इथे मार्च-एप्रिलमध्ये थोडेच दिवस मिळतात. रिजच्या आसपास माकडं असतात. त्यामुळे डबे उघडे ठेवू नका आणि हातात खाऊ देऊन लहानांना लांब पाठवू नका.

जेवणं झाली, सावलीत सतरंजी अंथरली, की ज्यासाठी ही बाग निवडली ती गोष्ट सांगा. मोबाइलवर दाखवू नका, तोंडाने सांगा.

साल १७३७. महिना हाच, मार्चअखेर. चैत्रातलं नवरात्र चालू आहे. पहिले बाजीराव पेशवे तेव्हा ३६ वर्षांचे आहेत आणि त्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा कोकणात पोर्तुगिजांविरुद्धच्या मोहिमेत गुंतले आहेत. उत्तरेत दुआबात अवधचा सुभेदार सादतखान याने मल्हारराव होळकरांच्या तुकडीला मागे रेटलं आणि मराठ्यांना पार चंबळेपलीकडे घालवलं, अशी फुशारकी बादशहाला कळवली. दिल्ली निर्धास्त झाली. बाजीरावांनी जड सामान मागे ठेवलं, मोठमोठ्या मुघल फौजांना बगल दिली आणि मेवातच्या डोंगराळ वाटेने घोडदौड करत थेट राजधानीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

आधी ते आले कालकाजीच्या देवळाजवळ, जिथे आज मेट्रोचं स्थानक आहे आणि जिथे तेव्हाही जत्रा भरली होती. मग तळ पडला या तालकटोऱ्याच्या परिसरात. शहर इथे नव्हतं. तटबंदीची दिल्ली म्हणजे शाहजहानाबाद इथून काही किलोमीटर ईशान्येला होती आणि हा भाग रिजच्या पायथ्याचं रान होता. घोड्यांना पाणी आणि चारा मिळेल अशी जागा. मीर हसनखान कोका याच्या हाताखाली बादशाही फौज रकाबगंजपर्यंत चालून आली. तिथे लढाई झाली आणि ती फौज मोडली. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे या लढाईत होते. इतिहासाच्या पुस्तकांत २८ मार्च १७३७ ही तारीख दिलेली असते. रकाबगंज कुठे, असं मुलांनी विचारलं तर सांगा, संसद भवनाजवळचा गुरुद्वारा रकाबगंज, तोच परिसर. बागेतून जाताना रिक्षावाल्याला त्या बाजूने घ्यायला सांगा. मग अंतर किती, ते त्यांना स्वतःलाच कळेल.

आता गोष्टीचा अवघड भाग. मुलं विचारणारच, "मग आपण दिल्ली घेतली का?" नाही घेतली. राजधानी उघडी पडली होती आणि ती जाळण्याचा विचार बाजीरावांच्या मनात आधी होता. तो त्यांनी का सोडला, हे त्यांनी चिमाजी अप्पांना लिहिलेल्या पत्रात आलं आहे. त्या पत्राचा मथितार्थ असा की, दिल्ली हे मोठं स्थान, ते उद्ध्वस्त करून लाभ नाही. बादशहा आणि त्याचा मातब्बर सरदार खानदौरान यांना सलोखा हवा आहे. आपण मर्यादा ओलांडली तर राजकारणाचा धागा तुटेल. आपण अजून आहोत आणि इथवर येऊ शकतो, एवढं दाखवायचं होतं, ते दाखवून झालं. लढाई झाली आणि फौज माघारी वळली. नंतरच्या दोन वर्षांतच, १७३९ च्या मार्चमध्ये, नादिरशहाने याच शहरात कत्तल घडवली. दोन मार्च शेजारी ठेवून मुलांना विचार करू द्या.

आणि तेवढंच सांगून थांबू नका. त्याच धावणीत कालकाजीच्या जत्रेला आलेल्या लोकांची लूटही झाली, हेही सांगा. आपल्या मुलांच्या वर्गात पंजाबी, बिहारी, बंगाली, मल्याळी, हिंदू, मुसलमान, शीख अशी सगळी मुलं आहेत. 'आमच्या लोकांनी दिल्ली हलवली' एवढंच तोंडपाठ करून मूल वर्गात गेलं तर पहिल्याच प्रश्नाला अडखळेल. सामर्थ्य होतं, लूट होती, आणि हाती आलेलं शहर न जाळण्याचा विचारही होता, हे तिन्ही ज्याला ठाऊक आहे तो कुणाशीही निवांत बोलू शकतो. दहा वर्षांच्या मुलाला हे समजतं. क्रिकेटच्या मैदानावर कुठे थांबायचं, हे त्याला रोजच ठरवावं लागतं.

"आपण कुठले?"

बाहेरगावी मुलं वाढवणाऱ्या प्रत्येक मराठी आईबापांना या प्रश्नाला कधीतरी सामोरं जावं लागतं. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी. गावी गेलं की चुलत भावंडं बोलण्याला हसतात, आणि इथे आडनाव सांगितलं की समोरचा दोनदा विचारतो. मूल विचारतं, "आपण दिल्लीचे की तिकडचे?" त्याला उत्तर म्हणून भाषण देऊन चालत नाही. पायाखालची एखादी जागा दाखवता आली तर बरं.

तालकटोरा तशी जागा आहे, आणि ती फक्त तलवारीची नाही. बागेशेजारच्या तालकटोरा स्टेडियममध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. डॉ. तारा भवाळकर अध्यक्ष होत्या. त्याआधी दिल्लीत संमेलन झालं होतं ते १९५४ साली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली. ज्या रानात एकदा घोडे बांधले गेले त्याच्या शेजारी लोकांनी तीन दिवस मराठी कविता, भाषणं आणि पुस्तकं ऐकली, विकत घेतली. इथून फार लांब नाही, त्या पहाडगंज भागात नूतन मराठी शाळा आहे. दिल्लीत नोकरीला आलेल्या मराठी माणसांनी आपल्या मुलांची सोय इथेच केली, मुलांना परत पाठवलं नाही.

निघण्याआधी

काही साध्या गोष्टी. मार्चमध्ये हवेत परागकण फार असतात. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर औषध आणि मास्क पिशवीत असू द्या. प्रत्येकी एक पाण्याची बाटली, टोपी आणि मुलांसाठी कपड्यांचा एक जादा जोड घ्या. आजीआजोबांसाठी घडीची खुर्ची घेतली तर ते दोन तास जास्त बसतात. प्लास्टिकच्या ताटल्या नकोत, घरचेच स्टीलचे डबे आणा आणि कचरा पिशवीत भरून परत न्या. राष्ट्रपती भवन जवळ असल्याने या रस्त्यांवर वाहतूक कधी कधी अडवली जाते, तेव्हा परतीची घाई ठेवू नका.

शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलांनाही बरोबर घ्या. ती मराठी नसली तरी चालेल. उलट नसली तर जास्त बरं. गोष्ट हिंदीत सांगावी लागेल आणि आपलं मूल कुठे अडतंय, कुठे जोर देतंय, ते तुम्हाला ऐकायला मिळेल. गोळा केलेल्या पानांतलं पिंपळाचं एक तांबूस पान वर्तमानपत्रात दाबून ठेवा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवी पुस्तकं येतील, त्यांना कव्हर घालताना ते इतिहासाच्या पुस्तकात ठेवायला सांगा.