नौकेवरचा गारवा

अमेरिकेतील ॲनापोलिस येथे आमची ३४ फुटी शिडाची नौका धक्क्याला बांधलेली असते. निवृत्तीनंतर उन्हाळ्याचे महिने आम्ही उभयता तिच्यावरच काढतो. चेसापीक उपसागरातील जुलै मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देतो. हवा दमट, वारा पडलेला आणि केबिन रात्रीही तापलेली.

यजमानांचे वय ७६. हृदयविकारामुळे लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू आहेत. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो; त्यातच अशा औषधांनी शरीरातील पाणी व क्षार घटतात. गेल्या जुलैत एका दुपारी त्यांना घेरी आली, बोलणेही असंबद्ध झाले. उपचारांनंतर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "राहण्याची जागा थंड करा, नाहीतर उन्हाळ्यात नौका सोडा." नौका सोडायची म्हटल्यावर हे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

कारागिराने सांगितलेला खर्च आम्हाला पेलणारा नव्हता. तेव्हा आमच्यासारखीच नौका बाळगणारी मंडळी पुढे आली. नौकेवरील वातानुकूलन यंत्र आतली उष्णता बाहेरच्या पाण्यात सोडते. पंप तळाच्या झडपेतून पाणी घेतो; ते गाळणीतून यंत्रात जाते आणि उष्णता घेऊन बाहेर पडते. आम्ही १२,००० बीटीयूचे, म्हणजे एक टनाचे यंत्र निवडले. पंप पाण्याच्या पातळीखाली बसवावा आणि नळी सतत चढती ठेवावी, अन्यथा मध्येच हवा अडकते, हे या मंडळींनी आपल्या नौकांची छायाचित्रे धाडून समजाविले.

प्रत्यक्ष कामाला एक ८१ वर्षांचे निवृत्त वीजतंत्रज्ञ आले. ह्यांचे हात कापतात, हे त्यांनी पाहिले. पण बाजूला बसविले नाही. पुठ्ठा पुढे करून ते म्हणाले, "आधी याच मापाचे खोके करा. बाकाखाली मावते का, ते तुम्हीच पाहा." ह्यांनी तीन खोकी केली, तिसरे मावले. कापणे, भोके पाडणे तरुण हातांनी केले. पाण्याजवळ विजेची गळती जीवघेणी ठरते, म्हणून जोडणी परवानाधारकाकडूनच करून घेतली. बंद केबिनमध्ये इंजिनाचा धूर शिरल्यास कळावे म्हणून कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे उपकरणही बसविले.

आता दुपारी केबिन २६ अंशांवर असते. उन्हाळ्यात गाळणीत जेलीफिश अडकतात. ती रोज सकाळी साफ करण्याचे काम ह्यांनी स्वतःकडे घेतले आहे. मी शेजारी उभी राहते, हात लावीत नाही.

घरातील वृद्धांसाठी गारव्याची सोय करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे : त्या कामातील एखादा वाटा त्यांच्यासाठी राखून ठेवा. उन्हाळा लागण्यापूर्वी त्यांच्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा आणि हृदयविकार असल्यास दिवसभरात किती पाणी द्यावे, हेही विचारून घ्या.