सुट्टीचे शेवटचे दोन दिवस

आखातात नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरात 'सुट्टी' या शब्दाचा अर्थ जरा वेगळा असतो. इतरांची सुट्टी संपली की मुलं शाळेत जातात. आमची सुट्टी संपली की मुलांचे अब्बू विमानतळावर जातात. आपल्यापैकी अनेक घरांत हेच चालत असेल, म्हणून हे लिहायला बसले.

ह्यांना कुवेतला जाऊन अठरा वर्षं झाली. दोन वर्षांनी दीड महिन्याची रजा मिळते. ती माजिवड्याच्या घरी कशी संपते ते कळतही नाही. बँकेची कामं, गळका नळ, नात्यातली लग्नं, गावाकडे एक फेरी आणि शेवटच्या आठवड्यात वजनकाट्यावर बॅग. शेवटचे दोन दिवस तर घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. सगळे आपापल्या कामात असल्याचं दाखवत राहतात.

यंदा माझी शाळेची दिवाळीची सुट्टी आणि ह्यांची रजा जुळून आली. माझ्या भिशीचे पैसेही हातात होते. मी म्हटलं, सहा दिवस अंदमानला जाऊ. हे म्हणाले, "समुद्र बघायला एवढा खर्च? तो तर मी कुवेतला रोज बघतो." मी म्हटलं, "आमच्याबरोबर कुठे बघता?" त्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिकिटं काढून आले.

चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम. तिथून बोटीनं हॅवलॉक आणि मग नील. २०१८ पासून त्यांची नावं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली आहेत, पण बोलताना जुनीच नावं तोंडात येतात. राधानगरच्या किनाऱ्यावरची पांढरी वाळू, निळंहिरवं पाणी, मागे उंच झाडांचं जंगल. पहिले तीन दिवस डोळ्यांचं पारणं फिटलं. एक गोष्ट मात्र अंगवळणी पडेना. अंदमान इतकं पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे नोव्हेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. घरी ज्या वेळी मी शाळेतून येऊन चहा टाकते, त्या वेळी तिथे मगरिबची तयारी. दिवस आधीच मोजके, त्यातला प्रत्येक दिवस आणखी आखूड वाटायचा.

प्रवासात असल्यामुळे जोहर, असर आणि इशाला आम्ही कसर करत होतो, चारच्या जागी दोन रकात. माझी अकरा वर्षांची लेक त्यावर खूश. म्हणाली, "अब्बू, आपण इथेच राहू या का?" हे हसून म्हणाले, "राहिलो की चार होतील, बेटा."

पंधरा वर्षांच्या मुलाचं मात्र तसं नव्हतं. तो अब्बूंशी समोर बसूनही फोनवर बोलल्यासारखाच बोलतो. "हो." "ठीक आहे." "अभ्यास चालू आहे." त्याचा दोष नाही. जन्मल्यापासून त्यानं बाप बहुतेक फोनच्या पडद्यावरच पाहिला आहे. चौथ्या दिवशी नीलला ओहोटीच्या वेळी आम्ही खडकाची नैसर्गिक कमान बघायला गेलो. वाट खडबडीत, शेवाळलेल्या प्रवाळी कातळावरून जाते. ह्यांचा पाय घसरला आणि मुलानं चटकन हात धरला. कमानीपर्यंत सोडला नाही. येतानाही सोडला नाही. मी मागून चालत होते. अठरा वर्षांत मी ह्यांना हात धरून चालताना पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी परत पोर्ट ब्लेअर. सेल्युलर जेल पाहिलं. सावरकरांच्या कोठडीपाशी आपल्या मराठी प्रवाशांची रांग होती. मी मुलांना सांगितलं की हे जेल १९०६ मध्ये पूर्ण झालं, पण बंदिवान त्याच्या कितीतरी आधी आले. मार्च १८५८ मध्ये दोनशे जणांची पहिली तुकडी इथे उतरली, तेव्हा भोवती नुसतं जंगल होतं. त्यानंतरच्या वर्षी खैराबादचे मौलाना फज्ले हक आले. मोठे विद्वान, गालिबचे स्नेही. सत्तावनच्या उठावाबद्दल त्यांना जन्मठेप झाली आणि १८६१ मध्ये ते इथेच वारले. मुलगा सुटकेचा हुकूम घेऊन पोचला तेव्हा त्यांचा जनाजा निघाला होता, असं सांगितलं जातं. थानेसरचे मौलाना जाफर मात्र परत जाऊ शकले. १८६६ मध्ये आले, १८८३ मध्ये सुटले. उर्दूत त्यांनी आपली हकीकत लिहून ठेवली, 'काला पानी' म्हणून ती ओळखली जाते.

"म्हणजे जवळजवळ अठरा वर्षं," मुलगा म्हणाला. आणि अब्बूंकडे बघून गप्प झाला.

तुलना बरोबर नव्हे, हे मलाही कळतं. त्यांच्या पायात बेड्या होत्या. हे आपल्या मर्जीनं गेले, पगारावर गेले, आणि अल्लाहच्या मेहरबानीनं रोज फोन येतो. पण त्या रात्री बॅग भरताना मला राहवलं नाही. विचारलं, "आता परत यायचं नाही का?"

हे शांतपणे म्हणाले, "तीनदा विचारलं होतं मी तुला."

खरं होतं. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा घर घ्यायचं होतं. दुसऱ्यांदा मीच म्हटलं, हप्ते थोडे कमी होऊ देत. तिसऱ्यांदा म्हटलं, मुलाची दहावी होऊ दे. इतकी वर्षं मी मैत्रिणींना सांगत आले की ह्यांना तिकडचीच सवय झाली. स्वतःला कधी सांगितलं नाही की त्यात माझाही हात आहे. मी रडले. हे म्हणाले, "रडू नकोस, वही काढ." मुलीच्या चित्रकलेच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही हिशेब मांडला. कर्ज किती उरलं, माझा पगार किती, इथे ह्यांना काय काम मिळू शकेल. इशा झाल्यावर सुरू केलेला हिशेब रात्री बाराला संपला. लग्नानंतर आम्ही दोघांनी समोरासमोर बसून केलेला तो पहिला हिशेब.

तिथल्या किनाऱ्यावरचे शंख-शिंपले आणि प्रवाळ घेऊन जायला बंदी आहे, विमानतळावर सामानात सापडले तर काढून घेतात. लेकीनं मोज्यात भरून ठेवलेले शिंपले रात्री बॅगेत सापडले. सकाळी साडेपाचलाच लख्ख उजाडलं होतं. दोन्ही मुलांना घेऊन हे कॉर्बिन्स कोव्हच्या किनाऱ्यावर गेले आणि शिंपले पाण्यात सोडून आले. लेक रडवेली होऊन म्हणाली, "काहीच नाही आणलं." भाऊ म्हणाला, "अब्बूंना आणलं ना." आणि स्वतःच लाजला.

रात्री उशिरा घरी पोचलो. नाक्यावर नेहमीसारखी ट्रकची रांग होती. इशासाठी हे उभे राहिले तेव्हा लेकीनं विचारलं, "दोन की चार?"

"चार," हे म्हणाले. "घरी आलो ना."

बारा दिवसांनी हे कुवेतला गेले. बॅगेचं वजन केलं, शेवटचे दोन दिवस जड गेलेच. पण या वेळी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरशेजारी चित्रकलेच्या वहीचं ते पान लावलेलं आहे. त्यावर आणखी दोन वर्षांनंतरचा एक महिना लिहिला आहे, इन्शाअल्लाह. शेजारी मुलानं पेन्सिलीनं लहान अक्षरांत लिहिलंय, 'पक्कं.'

माझ्यासारख्या बहिणींना एवढंच सांगावंसं वाटतं. आपला माणूस परतीबद्दल विचारतो तेव्हा त्याला घराचे हप्ते दाखवण्याआधी त्याच्याबरोबर वही घेऊन बसा. आम्हाला त्यासाठी बेटावर जावं लागलं. घरातल्या ओट्याशीही ते जमलं असतं.