तिचा सा बरोबर होता
मुलुंडच्या एका मराठी शाळेत पाश्चात्त्य संगीत शिकवायला लागले तेव्हा माझी पक्की समजूत होती की मुलांना आधी फळ्यावरच्या पाच रेघा वाचता आल्या पाहिजेत, गाणं मागाहून. मी तशीच शिकले होते. बोरिवलीच्या आयसी कॉलनीतले माझे व्हायोलिनचे सर गोव्याचे. तिथल्या चर्चशाळांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना सोल्फेज, म्हणजे दो-रे-मी म्हणत स्वर वाचणं, आणि व्हायोलिन शिकवलं; मुंबईच्या सिनेसंगीताला अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा दिले ते गोव्यानेच. त्या पोर्तुगीज वळणाच्या सोल्फेजमध्ये 'दो' कायम पांढरी एकवर. मी वर्गाला सांगून टाकलं, पांढरी एक म्हणजे सा.

मग बेथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीतली (१८२४) आनंदगीताची धून घेतली, कीबोर्डवर सोपी पडावी म्हणून पांढरी पाचमध्ये. माझ्या नियमाने तिची सुरुवात नी नी सां रें. सातवीतली एक मुलगी नुसती ऐकून म्हणाली, ग ग म प. मी चूक म्हटलं. "पण बाई, सा तर इथं आहे ना?" म्हणत तिने पांढरी पाच दाबून दाखवली. मी तिच्या वहीतले स्वर लाल पेनाने खोडून माझे लिहिले.

धून जिथे विसावते तो सा, हे ती रोजच्या प्रार्थनेत शिकली होती. पेटीवाले सर कधी काळी एक धरत, कधी काळी दोन. सा बरोबर सरकायचा. इंग्लंडात जॉन कर्वेनने शाळांसाठी रुजवलेला सरकता 'दो' पुढे हंगेरीत कोदायच्या पद्धतीचा पाया झाला. हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण यांना सगळंच नवं, असं धरून चालल्यामुळे समोरच्या मुलांना ते येतंय हे दिसलंच नाही. त्या मुलीने वर्गात आपणहून बोलणं सोडलं. माफी मागायचं सुचलं तोवर ती दहावी होऊन गेली होती. याचं मला फार वाईट वाटतं.

खरं नवं होतं ते हार्मनी. दोन गट वेगळ्या ओळी गायला लागले की एक दुसऱ्याकडे ओढला जाई, मुलं कानांवर हात ठेवत. तिथे द्यायचा वेळ मी रेघांवर घालवला. आता रेघा दुसऱ्या सत्रात. आधी एक गट तंबोऱ्यासारखा सा-प धरतो, दुसरा त्यावर गातो, मग तिसरा ग लावतो. तिथवर जमतं. खालचा आवाज स्वतंत्र चालायला लागला की अजून मोडतं. सध्या तेच घोटून घेतेय.