वत्सगुल्माचे ऋतू आणि लेखणीची दिनचर्या

वाशीमला धान्याची पेठ म्हणून ओळखणारे पुष्कळ आहेत. साहित्यविद्येचे लग्न याच गावी लागले, हे ठाऊक असणारे थोडे. इ. स. 900 च्या सुमारास कनौजच्या प्रतिहार दरबारी असलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात ही कथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघून गेला. त्याला परत वळवावे म्हणून गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्यामागोमाग देशोदेशी हिंडली, आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्वविवाह झाला. वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. मदनाचे क्रीडास्थान असे राजशेखर या नगराचे वर्णन करतो. पाटणी चौकातील गर्दीतून वाट काढताना त्यावर विश्वास ठेवणे जड जाते, हे मान्य!

मात्र कथेमागे इतिहासाचा आधार आहे. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. तिचा संस्थापक सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ काव्य आज उपलब्ध नाही; परंतु आपल्या हेमचंद्राचार्यांना ते परिचित होते, आणि त्यात नगराची, नायकाची, ऋतूंची वर्णने होती हे त्यांच्या काव्यशास्त्रविषयक लेखनावरून कळते. ऋतू पाहून लिहिण्याची या मातीची रीत अशी दीड हजार वर्षांहून जुनी आहे.

ऋतू पाहून लिहायचे हे खरे. पण लिहिणाऱ्याने स्वतः ऋतूंत राहायचे कसे? ‘काव्यमीमांसे’च्या दहाव्या अध्यायात राजशेखराने याचे उत्तर दिले आहे. हा अध्याय म्हणजे कवीची दिनचर्याच होय. कवीने वाणी, मन आणि शरीर तिन्ही शुद्ध ठेवावीत. त्याचे घर झाडलेले, सारवलेले, सहाही ऋतूंत राहता येईल असे असावे. लेखनसाहित्य सदैव हाताशी असावे. दिवसाचा पहिला प्रहर अभ्यासाचा, दुसरा रचनेचा. मध्यान्ही स्नान करून प्रकृतीला मानवेल असे भोजन करावे, नंतर काव्यगोष्टी. चौथ्या प्रहरी सकाळचे लेखन तपासावे: अधिक असेल ते काढावे, उणे असेल ते भरावे. संध्याकाळनंतर पक्के झालेले उतरवून घ्यावे, आणि मग रात्रीचे दोन प्रहर नीट झोपावे. चांगली झोप हे शरीराचे परम आरोग्य, असे तो स्पष्ट सांगतो. रात्र जागवून लिहिण्याचे कौतुक त्याला मुळीच नाही. ‘पुढे पाहू, मग पूर्ण करू’ या वृत्तीने ग्रंथ बुडतात, हा त्याचा इशारा तर उधारी वसूल करणाऱ्या कोणत्याही घराला सांगायला नको.

अर्थात हे सारे धनवंताच्या घरचे आहे. त्याच्या कवीला बाग हवी, पुष्करिणी हवी, मोर आणि हरणे हवीत. आमच्या घरात बाहेर दुकान, मध्ये कोठार आणि मागे स्वयंपाकघर. तरीही याच अध्यायात पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होऊ शकतात असे तो म्हणतो, त्या एका वाक्यासाठी मी त्याला मोर आणि हरणे माफ केली आहेत.

व्यापारी घराचे वर्ष पिकांवर चालते. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन येते; त्या दिवसांत जेवणाचीही वेळ पाळली जात नाही, मग कविता कोठून? त्यातच शरदाचे ऊन डोळ्यांना झोंबते. पौष-माघात तूर, पाठोपाठ हरभरा. वैशाखात घर तापते. राहिले पावसाळ्याचे दिवस. पेरण्या उरकतात, काळी माती पाय धरून ठेवते, आवक मंदावते. याच दिवसांत साधू-साध्वी विहार थांबवून एका गावी स्थिर होतात. पायाखाली जीव चिरडू नयेत, हा त्यामागचा मूळ हेतू. परंतु त्या स्थिरतेतून स्वाध्याय वाढतो, लेखनही वाढते. गृहस्थाच्या लेखणीलाही हा काळ मानवतो. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपलेल्या घरात संध्याकाळचे दोन तास मोकळे सापडतात. राजशेखर रात्रीचा जो पहिला प्रहर लेखनाला देतो, तो हाच. वर्षभराचे लिहिणे मी या चार महिन्यांवर सोपवले आहे. उरलेल्या आठ महिन्यांत टिपणे तेवढी होतात, आणि त्याची खंत वाटत नाही.

ऋतू पंचांगातल्या तिथीला बदलत नाही, हेही राजशेखराने हेरले होते. शेवटच्या, अठराव्या अध्यायात तो प्रत्येक ऋतूच्या चार अवस्था मानतो: संधी, बाल्य, प्रौढी आणि मागे रेंगाळणारी अनुवृत्ती. आश्विनात दुपारी ऊन आणि रात्री गारवा असला की घराघरांत खोकला सुरू होतो. तीच संधी. त्या पंधरवड्यात नवे लेखन हाती घेऊ नये, असे माझे मत आहे.

वाशीमहून शिरपूरला जाताना सोयाबीनच्या शेतांमधून वाट जाते. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या या तीर्थाशी एका लेखकाची आठवण जोडलेली आहे. उत्तराध्ययनसूत्रावर संस्कृत टीका लिहिणारे सतराव्या शतकातील भावविजयगणी यांची दृष्टी गेली होती. येथे दर्शनाला आल्यावर ती परत मिळाली, अशी श्वेतांबर परंपरेची श्रद्धा आहे. बारीक अक्षरांवर आयुष्य घालवणाऱ्या माणसाने दुसरे काही न मागता डोळे मागावेत, हे मला फार जवळचे वाटते.

मंगरूळपीरवरून पुढे कारंजा लागते. येथील शास्त्रभांडारांतील हस्तलिखितांमुळे विसाव्या शतकात अपभ्रंश साहित्य अभ्यासकांसमोर आले. पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ 1931 मध्ये डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिले. ते कारंज्याच्या ग्रंथमालेतच प्रसिद्ध झाले. (षट्खंडागमाचे पुष्पदंत आचार्य वेगळे.) राजशेखराच्या आदर्श कवीशी या पुष्पदंताचे काहीच जुळत नाही. स्वतःचे वर्णन तो कृश, सावळा, कुरूप असे करतो. घर नाही, संसार नाही. मान्यखेटात भरत मंत्र्याने त्याला आश्रय दिला, तेव्हा ‘महापुराण’ सुरू झाले. आदिपुराणाचा भाग संपल्यावर मात्र त्याचे मन उदास झाले आणि लेखणी थांबली. मग स्वप्नात सरस्वती आली, भरतानेही विनवले, आणि काम पुन्हा सुरू झाले. हा खंड त्याने लपवला नाही, ग्रंथातच नोंदवून ठेवला. ग्रंथ पूर्ण झाला शके 887 मध्ये, आषाढ शुद्ध दशमीला. म्हणजे चातुर्मास अगदी तोंडावर आला असताना.

लेखकाप्रमाणे ग्रंथालाही ऋतू सोसावे लागतात. ग्रंथ नष्ट होण्याच्या कारणांत राजशेखर अग्नी आणि पाणी मोजतो, आणि म्हणून एकाहून अधिक प्रती करून ठेवाव्यात असे सांगतो. आपल्याकडे शास्त्रदानाने तेच साधले. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, दिगंबर मंदिरांत पोथ्या बाहेर काढतात, ऊन दाखवतात, वेष्टने बदलतात. श्वेतांबरांची ज्ञानपंचमी पावसानंतर कार्तिकात येते. एक पावसाळ्याआधीची काळजी, दुसरी नंतरची. कारंज्यात ज्येष्ठातल्या त्या दिवशी पोथ्या पुन्हा कपाटात जाईपर्यंत हवा जड झालेली असते, आणि मंगरूळपीरच्या बाजूला आभाळ काळे दिसू लागते.