एका संग्रहाचे मूल्यमापन

सिगारेटच्या जुन्या पाकिटांतून निघणाऱ्या चित्रांचा मला असलेला व्यासंग आमच्या पेठेत सर्वश्रुत असल्यामुळे, शेजारच्या वाड्यातील तिघे बंधू वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटणीचा मसुदा करावयास बसले तेव्हा, त्यांच्या आजोबांनी विलायतेतील शिक्षण संपवून परतताना आणलेला चित्रसंग्रह किंमत ठरविण्यासाठी साहजिकच माझ्याकडे आला. नॉटिंगहॅमच्या जॉन प्लेअर कंपनीने १९३८ साली काढलेली क्रिकेटपटूंची पन्नासही चित्रे, ब्रॅडमन आणि हॅमंड यांच्यासह, एका पेनीस मिळणाऱ्या अल्बमात ओळीने चिकटविलेली होती.

थोरल्या बंधूंनी कोठेतरी वाचले होते की, होनस वॅगनर या अमेरिकन बेसबॉलपटूचे असेच एक चित्र २०२२ साली साडेबाहत्तर लाख डॉलरना विकले गेले. आणि त्यामुळे घरात जी आशा उत्पन्न झाली होती तिचे निराकरण करण्याचे अवघड काम माझ्याकडे आले.

मी त्यांना प्रथम भिंगातून चित्रे पाहावयास लावली. शिळाछापाच्या जुन्या चित्रांत रंगाचे ठिपके हाताने टिंबल्यासारखे अनियमित दिसतात, तर अलीकडच्या नकलांत त्यांची रेखीव जाळी उमटते, हा भेद एकदा नजरेत भरला की अस्सल कोणते हे सांगावयास दुसऱ्या पुराव्याची जरूर बहुधा पडत नाही. त्यांची चित्रे निःसंशय अस्सल होती. परंतु अस्सलपणा ही किमतीची केवळ पहिली पायरी होय. पाकिटातील सिगारेटी चेंगरू नयेत म्हणून घातलेला हा पुठ्ठ्याचा तुकडा पुढे लोकांच्या इतका आवडीचा झाला की कंपन्या त्याच्या लाखो प्रती छापू लागल्या. आणि जे लाखांनी छापले, शिवाय पोरांनी व थोरांनी जपूनही ठेवले, त्यास भारी मोल येणार तरी कोठून? वॅगनरचे चित्र दुर्मिळ झाले ते त्याच्या हरकतीमुळे, मग ती तंबाखूच्या तिटकाऱ्याने असो वा मोबदल्यासाठी, छपाई मध्येच थांबली म्हणून. आठव्या एडवर्डवरील, विल्स या सिगारेट कंपनीचा पन्नास चित्रांचा संच तर त्याच्या राज्यत्यागामुळे बाजारात आलाच नाही. हाती आलेला संग्रह विल्सच्या १८९६ सालच्या क्रिकेटपटूंचा असता, आणि त्यात रणजितसिंहजींचे चित्र धडधाकट कोपऱ्यांसह असते, तर मी निराळा आकडा सांगितला असता.

मधल्या बंधूंनी सुचविले की, चित्रे पाण्यात भिजवून सोडवावीत आणि तिघांत वाटून घ्यावीत. मी स्पष्ट नकार दिला. ही चित्रे पाठीला डिंक लावूनच विकली जात, ती अल्बमात चिकटवावीत असाच छापणाऱ्यांचा हेतू होता, आणि त्या तरुण विद्यार्थ्याने परक्या देशात एकेक पाकीट उघडून पन्नासांचा संच पुरा केला, हे त्या पानांवाचून कोणास कळणार नाही. बाजार या गोष्टीस दमडीही देत नाही. माझ्या मते तो येथे चुकतो.

अखेरीस मी अल्पशी रक्कम लिहून दिली आणि मसुद्यात संग्रह सामाईक व अविभाज्य राहील असे कलम घालण्याची शिफारस केली. ती तिघांनी मान्य केली. अल्बम धाकट्यांच्या माडीवर, जेथे ओल येत नाही, तेथे ठेवावा आणि पावसाळ्यानंतर कसरीसाठी दरसाल पान न् पान तपासावे, असे ठरले.