पॅसेंजरचा उन्हाळा

जर्मनीच्या राज्यघटनेत रविवार आहे. १९१९ च्या वायमार घटनेच्या १३९ व्या कलमाने रविवार आणि मान्य सणवार विश्रांतीसाठी आणि मनाच्या उन्नतीसाठी राखून ठेवले. पुढे हिटलर आला, युद्ध झालं, देशाचे तुकडे झाले, आणि १९४९ मध्ये नवी घटना लिहायला बसलेल्यांनी ते कलम जसंच्या तसं पुन्हा आत घेतलं. बर्लिन राज्याने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे करून पाहिले, तर २००९ मध्ये घटना न्यायालयाने तो बेत हाणून पाडला.

पुण्याहून उन्हाळ्यापुरत्या ग्योटिंगेनला गेलेल्या विद्यार्थिनीला हा इतिहास कुणी सांगत नाही. पहिल्या रविवारी सकाळी खोलीतलं दूध संपतं आणि पुढचं आपोआप कळत जातं. सुपरमार्केट बंद. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान बंद. चर्चच्या घंटा तेवढ्या वाजतात, आणि कुत्र्याला फिरवायला निघालेले एक आजोबा दिसतात. दुपारी एक ते चारच्या विनोदांवर वाढलेल्या मुलीला हे दिवसभराचं एक ते चार पाहून आधी हसू येतं, मग भूक लागते.

उघडं असतं ते रेल्वे स्टेशन. प्रवाशांची अडचण होऊ नये म्हणून तिथल्या दुकानांना कायद्यात सवलत आहे. दूध आणायला गेलेली मुलगी मान वर करून गाड्यांचा फलक वाचते: कासेल, एरफुर्ट, नोर्डहाउझेन, बाड हार्झबुर्ग. इथून पुढचे शनिवार-रविवार हातातून गेलेच म्हणायचे.

सोमवार ते शुक्रवारची हकिकत घरी फोनवर सांगण्याजोगी असते. जर्मन सरकारच्या पैशावर चालणारी डाड ही संस्था भारतातल्या विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना 'वाइज' नावाची शिष्यवृत्ती देते. दोन-तीन महिने तिथल्या प्रयोगशाळेत काम करायचं. आपल्याकडे मे महिन्यात परीक्षा संपतात, तिकडचं उन्हाळी सत्र मात्र एप्रिलला सुरू होऊन जुलैपर्यंत चालतं. त्यामुळे सुट्टी आपली एकटीची, बाकी सगळे कामात. लेझरची मांडणी, मेन्सा म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीतलं दुपारचं बटाट्याचं जेवण, गुरुवारचा सेमिनार. आई-वडिलांना हेच ऐकायचं असतं आणि त्यात खोटं काही नसतं.

शनिवार-रविवारचं गणित एका तिकिटावर बसतं. २०२२ च्या जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये जर्मन सरकारने नऊ युरोत महिनाभर देशभर फिरा, असं तिकीट काढलं होतं. युक्रेन युद्धामुळे इंधन भडकलं होतं, त्यावरचा तो दिलासा. सुमारे सव्वापाच कोटी तिकिटं विकली गेली. समुद्रातल्या अकरा किलोमीटरच्या बांधावरून आगगाडी जाते त्या झ्युल्ट बेटावर श्रीमंतांची घरं आहेत. तिथे त्या उन्हाळ्यात रंगीत तुरेवाल्या पंक पोरांनी भर चौकात मुक्काम ठोकला आणि वर्तमानपत्रांची चंगळ झाली. नऊ युरोंचा हा प्रकार लोकांना इतका आवडला की मे २०२३ पासून कायमचं 'डॉइचलांड-टिकेट' आलं. आधी ४९ युरो, २०२५ मध्ये ५८, २०२६ पासून ६३. ते वर्गणीसारखं चालतं. महिन्याच्या दहा तारखेच्या आत बंद केलं नाही, तर पुढच्या महिन्याचे पैसे गेले. परदेशी विद्यार्थ्यांच्या गटांत परतीच्या विमानाची तारीख एक वेळ विसरतील, ही दहा तारीख विसरत नाहीत.

या तिकिटाची अट एकच: लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चढायचं नाही. आयसीई नाही, आयसी नाही. सिटी बस, ट्राम आणि प्रत्येक खेड्यावर थांबणारी पॅसेंजर चालेल. ही अट म्हणजे तिकिटाची सगळ्यात चांगली बाजू. हानोफर ते वुर्त्सबुर्ग हा १९९१ मध्ये पूर्ण झालेला जलद मार्ग सव्वातीनशे किलोमीटरचा आहे आणि त्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग बोगद्यांत आहे. जादा पैसे मोजून माणूस काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत जातो. जुनी लाइन नदीच्या कडेने वळत जाते. 'दहा दिवसांत आठ देश' छापाच्या सहलींतून आलेल्यांकडे फोटो पुष्कळ असतात, पण आयखेनबेर्ग जंक्शनवर अर्धा तास बाकड्यावर बसून घरून आणलेला चिवडा कुणी खाल्लेला नसतो.

त्याच आयखेनबेर्गवरून ग्योटिंगेन-बेब्रा लाइन वेरा नदीच्या काठाने दक्षिणेला उतरते. १९४५ मध्ये विजेत्यांनी जर्मनी वाटून घेतली तेव्हा या लाइनचा काही किलोमीटरचा तुकडा रशियन हद्दीत गेला. अमेरिकनांना ती लाइन हवीच होती, उत्तरेच्या बंदरातला माल त्यांच्या दक्षिणेकडच्या भागात याच वाटेने यायचा, आणि रशियन बाजूला गाड्या अडायला लागल्या. मग १७ सप्टेंबर १९४५ ला वानफ्रीड नावाच्या गावी दोन्ही सैन्यांचे अधिकारी बसले आणि त्यांनी गावांची अदलाबदल केली. दोन गावं इकडे आली, पाच तिकडे गेली. करार झाल्यावर बाटल्यांचीही देवाणघेवाण झाली म्हणतात, म्हणून तिथले लोक अजून या मार्गाला व्हिस्की-व्होडका लाइन म्हणतात. जी गावं तिकडे गेली, त्यांनी पुढची चाळीस वर्षं तारेच्या कुंपणामागे काढली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता खिडकीतून दिसतात ते गवताचे भारे, चेरीची झाडं आणि स्टेशनवर सायकल धरून उभी असलेली शाळकरी पोरं.

मात्र ग्योटिंगेनहून सुट्टीत भटकायला निघालेला सर्वांत नामांकित विद्यार्थी गाडीने गेला नव्हता. तेव्हा जर्मनीत रेल्वेच नव्हती. हाइनरिश हाइन हा कायद्याचा विद्यार्थी १८२४ च्या सप्टेंबरमध्ये पाठीवर पिशवी टाकून चालत निघाला. वय २६. फीचे पैसे हँबुर्गच्या सावकार काकांचे. कायद्यात मन नाही आणि कवितांचं पुस्तक छापून झालेलं. याच विद्यापीठाने तीन वर्षांपूर्वी एका द्वंद्वयुद्धाच्या आव्हानापायी त्याला सहा महिने गावाबाहेर काढलं होतं. तो बर्लिनला गेला, मजा केली, आणि पदवी तर हवीच म्हणून नाइलाजाने परत आला. गावावर त्याचा राग होता आणि तो त्याने व्याजासकट वसूल केला. 'हार्झराइझ' या हार्झ डोंगरांतल्या त्याच्या प्रवासवर्णनाच्या सुरुवातीलाच ग्योटिंगेनच्या सॉसेजची आणि विद्यापीठाची कीर्ती एका दमात सांगून टाकली आहे, आणि तीही अशा क्रमाने की प्राध्यापकांना झोंबावी. पुस्तक १८२६ मध्ये आलं. आज ते गाव त्याच हाइनच्या नावाच्या पाट्या लावून मिरवतं. टिंगल करणारा पुरेसा मोठा झाला की गावं ती अंगाला लावून घेत नाहीत.

त्याची वाट नॉर्टहाइमवरून ओस्टेरोडेला, तिथून क्लाउस्टालला. क्लाउस्टाल म्हणजे चांदीच्या खाणींचं गाव. तिथे तो कॅरोलिना आणि डोरोथेआ या दोन खाणींत उतरला. उतरायचं म्हणजे एकाखाली एक लावलेल्या, चिखलाने बुळबुळीत झालेल्या शिड्यांवरून, खाणकामगाराचे कपडे अंगावर चढवून. शहरी पोराची त्यातली त्रेधातिरपीट त्याने स्वतःच रंगवून लिहिली आहे. मग गोस्लार. तिथल्या रामेल्सबेर्ग डोंगरातून हजार वर्षं धातू निघत राहिला. १९८८ मध्ये खाण बंद झाली आणि १९९२ मध्ये ती गावासकट जागतिक वारशाच्या यादीत गेली. पुण्याच्या मुलीला ग्योटिंगेनहून गोस्लार गाठायला फार तर दीड तास लागतो. हाइनने तीच वाट वाटेतल्या सरायांत थांबत केली, आणि प्रत्येक सराईत कुणी ना कुणी बडबड्या भेटत गेला. पुस्तक त्या बडबड्यांमुळेच अजून वाचवतं.

गोस्लारहून तो ब्रॉकनवर चढला. उत्तर जर्मनीतला हा सर्वांत उंच माथा, ११४१ मीटर. उंची सिंहगडापेक्षा कमी, हे इथे आलेला प्रत्येक मराठी विद्यार्थी पहिल्या पाच मिनिटांत मोबाइलवर काढून बरोबरच्यांना ऐकवतो. पण वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस तिथे धुकं असतं आणि वारा माणसाला ढकलतो, त्यामुळे सिंहगडाची बढाई वर पोहोचेपर्यंत टिकत नाही. हाइनच्या रात्री वरच्या सराईत विद्यार्थ्यांचा जथा उतरला होता. त्यांनी केलेलं मद्यपान, गाणी, रडारड, सगळं पुस्तकात आहे. सराईत पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची वही होती, तिच्यातल्या भिकार कवितांवरही त्याने तोंडसुख घेतलं आहे. आज वर वाटाण्याचं घट्ट सूप मिळतं. पिठलं-भाकरी नाही तर नाही, पण थंडीने बधिर झालेल्या बोटांना ते पुष्कळ बरं.

वर जायला वाफेच्या इंजिनाची अरुंद गाडी आहे. तिला वेगळं, खिशाला बोचणारं तिकीट लागतं. म्हणून विद्यार्थी इल्झेनबुर्गला उतरतात आणि नदीकाठच्या वाटेने चढतात. हाइन याच दरीने खाली उतरला होता, आणि आता त्या वाटेला त्याचंच नाव आहे. त्याने गर्द स्प्रूसची झाडी पाहिली. आता मैलोन्‌मैल राखाडी खोडं उभी आहेत. २०१८ पासूनच्या सलग कोरड्या उन्हाळ्यांनी झाडांचा चीक आटला आणि सालीखाली किडा शिरला. किडा जेमतेम पाच मिलिमीटरचा. वाटेवर पडलेला सालीचा तुकडा उलटा केला की त्याचं काम दिसतं: मधोमध मादीने कोरलेली एक उभी रेघ, तिला दोन्हीकडून फुटलेल्या अळ्यांच्या आडव्या वाटा, सुरुवातीला दोऱ्याएवढ्या बारीक, अळी वाढेल तशा रुंदावत गेलेल्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला कोषाची खळी. पांढऱ्या खोडांच्या मुळाशी लाल फळांची रोवन आणि कोवळी बर्चची झाडं मात्र वर येऊ लागली आहेत. वनअधिकारी सांगतात, मुद्दाम काही लावलेलं नाही.

ब्रॉकनचा माथा १९६१ पासून लष्कराच्या ताब्यात होता. वर रशियन आणि पूर्व जर्मन हेरखात्याचे कान बसवलेले होते. पश्चिमेच्या गावांतून डोंगर रोज दिसायचा, जाता यायचं नाही. बर्लिनची भिंत पडल्यावर ३ डिसेंबर १९८९ ला लोक वर चालत गेले आणि त्यांनी फाटक उघडायला लावलं.

हाइन पुढे वायमारला जाऊन महाकवी गटेला भेटला. गटेने रोजनिशीत 'ग्योटिंगेनचा हाइन' एवढीच नोंद केली. हाइनच्या भावाने पुढे सांगितलेली गोष्ट अशी, की सध्या काय लिहिताय, असं म्हाताऱ्याने विचारलं आणि पोराने उत्तर दिलं, 'फाउस्ट', म्हणजे म्हाताऱ्याचाच विषय. मग वायमारमध्ये आणखी काही काम आहे का, अशी थंड विचारणा झाली. गोष्ट खरी असो-नसो, पंचविशीतल्या माणसाला शोभणारी आहे.

पंचविशीतलाच आणखी एक माणूस उलट्या दिशेने गेला होता. फ्रान्झ किलहॉर्न १८६६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायला आला. सुएझ कालवा व्हायला अजून तीन वर्षं होती. तो उन्हाळ्यापुरता आला नाही, पंधरा वर्षं राहिला. पुण्याच्या शास्त्रीमंडळींजवळ बसून त्याने व्याकरण घोटलं, पतंजलीच्या महाभाष्याची आवृत्ती हाती घेतली, १८८१ मध्ये तो परत गेला आणि पुढे ग्योटिंगेनला प्राध्यापक झाला. डेक्कन कॉलेजातली त्याची जागा रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे आली. याच ग्योटिंगेनने १८८५ मध्ये भांडारकरांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. किलहॉर्नच्या हाताखाली हाइनरिश ल्यूडर्स तयार झाला, ल्यूडर्सकडे बर्लिनला विष्णू सीताराम सुखठणकर शिकले, आणि १९२५ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रं सुखठणकरांच्या हाती आली. लॉ कॉलेज रस्त्याने रोज कॉलेजला गेलेल्या मुलीला त्या संस्थेचं फाटक पाठ आहे. ही साखळी मात्र तिला क्रायेनझेनला उशिरा आलेल्या गाडीत, मोबाइलवर काही भलतंच शोधताना सापडते.

समोरच्या बाकावर दुसराच वाद पेटलेला असतो: पुढच्या शनिवारी वायमार की ल्युबेक. वायमारच्या बाजूला गटे, शिलर आणि बाउहाउस. ल्युबेकच्या बाजूला समुद्र आणि मार्त्सिपान. ल्युबेकला जायचं तर पहाटे निघावं लागेल आणि गाडी दोनदा बदलावी लागेल. केरळची मुलगी वेळापत्रक काढते. पहिला बदल युल्त्सेनला आहे, आणि त्या स्टेशनचे खांब हुंडर्टवासर या चित्रकाराच्या आराखड्यावरून रंगीबेरंगी चिनी मातीने मढवलेले आहेत, असं कुणीतरी म्हणतं. एवढ्यावर मतं फिरतात. चिवडा संपत आलाय, तेव्हा ब्रेड शनिवारीच घ्यायचा, हेही तिथल्या तिथे ठरतं.