मशीन बघण्याआधी बिलबुक बघा

मोठ्या छपाईचं मशीन विकायला आलेला माणूस दुकानात शिरला की आधी आपल्याकडे बघत नाही, शटरची रुंदी आणि भिंतीची लांबी बघतो. मग खुर्ची ओढून बसतो आणि पिशवीतली गुंडाळी काढून टेबलावर पसरतो. त्या गुंडाळीवर काय असणार ते मी आता न बघताही सांगू शकतो. एक हिरवागार पोपट, पाण्याचे थेंब असलेली फळं आणि गोऱ्या कांतीची एक हसरी बाई. छपाई सुरेख असते, त्यात वाद नाही. पण कोल्हापुरात बोर्ड-बॅनरचं दुकान चालवताना माझ्याकडे आजवर कुणी पोपट छापायला आलेलं नाही.

माझ्याकडे येतात ते तालमीतल्या कुणाच्या तरी वाढदिवसाचे फलक. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पेठापेठांतल्या संघांचे बॅनर. पतसंस्थेची वार्षिक सभा, दवाखान्याच्या काचेवरचं वन वे व्हिजन, टेम्पोच्या हौद्यावरचं व्हिनाईल, मेडिकलची पाटी. फोटो व्हॉट्सॲपवर फिरून फिरून पुसट झालेला असतो आणि माल संध्याकाळी हवा असतो. नवं मशीन घ्यायचं ते या कामासाठी. शर्यतीचा खोंड कितीही देखणा असला तरी तो नांगराला जुंपत नाहीत.

आमचं जुनं मशीन दहा फुटी, सॉल्व्हंट शाईचं. असं मशीन एका दिवसात बंद पडत नाही, ते हळूहळू मंदावतं. आधी एखाद्या रंगाचे दोन-चार नोझल जातात. मग चार पासवर, म्हणजे त्याच जागेवरच्या चार फेऱ्यांत, स्वच्छ येणारं काम सहा पासला घ्यावं लागतं, पुढं आठला. पास वाढले की वेळ वाढतो आणि दुकानातली पोरं रात्री उशिरापर्यंत अडकतात. शेवटी मेन बोर्ड जातो. तो बोर्ड बनणं केव्हाच थांबलेलं असतं, मग कुणाच्या तरी भंगारातल्या मशीनचा काढून आणावा लागतो. इथवर आलं की दुरुस्तीचा हिशेब थांबवावा. धंद्यात पुष्कळजण मात्र ‘अजून एक सीझन’ म्हणत गणपतीपर्यंत ढकलतात, आणि ऐन गणपतीत जे मिळेल ते मशीन, सांगतील त्या भावात उचलतात.

आमच्या दुकानाचे हिशेब बायको बघते. मी मशीनची माहितीपत्रकं चाळत बसलो होतो, तेव्हा तिनं वर्षभराची बिलबुकं पुढ्यात ठेवली आणि एवढंच विचारलं, ‘‘अहो, दहा फुटी लागतं ते काम आपल्याला पैसे किती देतं?’’ दोघांनी बसून कामं वेगळी केली. चित्र स्पष्ट होतं. सर्वांत जास्त स्क्वेअर फूट मोठ्या फ्लेक्सचे आणि सर्वांत कमी नफाही त्याच फ्लेक्समध्ये. कारण उघड आहे. रोल सगळ्यांचे सारखे, शाई सारखी, मशीनही सारखंच. मग गिऱ्हाईक फक्त रेट विचारतं आणि शेजारच्यानं चार आणे कमी सांगितले की तिकडं जातं. पाटीच्या कामाचं तसं नाही. त्यात डिझाइन आहे, व्हिनाईल आहे, लॅमिनेशन आहे, उद्यमनगरातून करून आणलेली फ्रेम आहे, एसीपी शीट आहे, शिडी लावून बसवणं आहे. प्रत्येक गोष्टीचे पैसे सांगता येतात आणि गिऱ्हाईक ते देतं.

तरी मशीनचं पोट बघितल्याशिवाय सुटका नाही, आणि पोट म्हणजे शाईचे थेंब सोडणारं हेड. फ्लेक्सच्या मशीनवर कोनिकाचं 512 हेड वर्षानुवर्षं चाललं. त्याला 512 नोझल. थेंबाच्या मापाप्रमाणे त्याचे प्रकार, कुणाचा थेंब 14 पिकोलिटरचा तर कुणाचा 42 चा. नंतर आलेल्या 512-आयचा 30 चा. मोठा थेंब भराभर भरतो आणि वीस बाय दहाच्या होर्डिंगला तोच योग्य, कारण ते माणूस रस्त्यापलीकडून बघतो. तिथं बारीक थेंबाची मिजास फुकट जाते. पण दवाखान्याच्या दारावरची वेळापत्रकाची पाटी हातभरावरून वाचतात. तिथं मोठ्या थेंबाचे दाणे दिसतात आणि पाटीवर चेहरा असेल तर त्याला देवी आल्यासारखं वाटतं. इको सॉल्व्हंट मशीनवर एप्सनची हेडं असतात. स्वस्तातल्या मशीनवर एक्सपी-600, त्याला 1080 नोझल. त्याच्या वरचं आय-3200, नावाप्रमाणे 3200 नोझल, एकाच हेडमधून चार रंग, प्रत्येक रंगाला 800. नोझल जास्त म्हणजे एका फेरीत जास्त काम. पण एका नोझलपायी अख्खं हेड बदलायची वेळ आली तर बिलही त्याच मापाचं येतं. आणि वॉरंटीचा कागद नीट वाचला की कळतं, बहुतेक विक्रेते हेडला वॉरंटीच्या बाहेर ठेवतात. म्हणून मी विक्रेत्याला मशीनची किंमत शेवटी विचारली. आधी विचारलं हेड, डॅम्पर, कॅप आणि वायपर कितीला पडतात आणि किती दिवसांत हातात येतात.

शाईचा विचार त्यानंतर. साधी सॉल्व्हंट शाई स्वस्त, फ्लेक्समध्ये चांगली मुरते, उन्हात टिकते. पण तिचा वास डोळ्यांत आणि घशात जातो, बंद खोलीत पोरांना तिथं दिवसभर उभं करणं बरं नाही. इको सॉल्व्हंटचा वास सौम्य, पण ‘इको’ म्हटलं म्हणून खिडकी लावून घ्यायची नसते, एक्झॉस्ट पंखा हवाच. लॅटेक्सची शाई पाण्यावरची. छपाई बाहेर येते ती वाळूनच, लगेच लॅमिनेट करता येते. पण ती वाळवायला उष्णता लागते आणि ती विजेच्या बिलात दिसते. यूव्ही शाई दिव्याखाली तिथल्या तिथं कडक होते, सनबोर्ड, ॲक्रिलिक, एसीपी यांवर थेट छापता येतं. ते मशीन मनात भरलं होतं, पण त्याचा हप्ता आमच्या बिलबुकातून निघत नव्हता. राहिलं इको. त्याला एक शिस्त लागते. छापलेलं व्हिनाईल दिवसभर मोकळं सोडायचं, मगच लॅमिनेशन. घाई केली की आत अडकलेलं सॉल्व्हंट गोंद मऊ करतं आणि चार दिवसांत कडा वर येतात. गिऱ्हाइकाला ‘उद्या’ म्हणायची ज्याची तयारी नाही, त्यानं इकोच्या वाटेला जाऊ नये.

आता मुख्य गोष्ट, डेमो. विक्रेत्याच्या फायलीवर आणि त्याच्या भारी व्हिनाईलवर डेमो बघणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नातलं जेवण जेवून आपल्या घरचा किराणा ठरवणं, म्हणून मी स्वतःची फाइल आणि स्वतःचा रोल घेऊन गेलो. फायलीत तीन गोष्टी होत्या.

पहिली, सपाट भगवा. आमच्या गावात निम्मे फलक भगव्यावर उभे असतात. पिवळा शंभर टक्के आणि किरमिजी साठ-सत्तर, असा तो साधारण जुळतो. पूर्ण पिवळ्यावर अर्धवट किरमिजी असल्यानं किरमिजीचा एक नोझल जरी चुकला तरी सपाट भगव्यात पिवळी रेघ उभी राहते. पोपटाच्या पिसांत असली रेघ लपते, भगव्यात लपत नाही. किरमिजी थोडा जास्त पडला तर रंग विटकरी होतो आणि तालमीची पोरं तो परत आणून देतात. त्यांचा डोळा कुठल्याही यंत्रापेक्षा पक्का आहे.

दुसरी, देवनागरी मजकूर, मोठ्यापासून अगदी बारीकपर्यंत. मशीन तपासायला आपल्या लिपीसारखं साधन नाही. गाडी आडवी जाते-येते आणि दोन्ही फेऱ्यांत छापते. जाताना आणि येताना जुळणी चुकली की उभ्या रेघा दुहेरी होतात, म्हणजे प्रत्येक काना सांगतो. रोल पुढं सरकण्यात चूक असेल तर आडवी पट्टी पडते आणि ती शिरोरेषेत सापडते, कुठं कापलेली, कुठं जाड झालेली. बारीक अक्षरातला रफार आणि अनुस्वार भरून आला तर समजायचं, शाई जास्त पडतेय किंवा पसरतेय. इंग्रजी मजकुरावर हे सगळं इतक्या लवकर कळत नाही. मजकूर मात्र कर्व्हमध्ये करून न्यावा. श्रीलिपीचा फाँट समोरच्या संगणकावर नसला तर जोडाक्षरांचा भुगा होतो आणि डेमोचा वेळ त्यातच जातो.

तिसरी, सावळ्या माणसाचा चेहरा, व्हॉट्सॲपवरूनच आलेला. गोऱ्या बाईचा चेहरा कुठलंही मशीन छापतं. आपल्याकडची कातडी छापताना रंगाचं प्रोफाइल नीट नसेल तर गालावर हिरवट किंवा जांभळट झाक येते, आणि फलकावरच्या माणसाला ती सगळ्यात आधी दिसते.

हे तिन्ही मी माहितीपत्रकातल्या वेगावर छापून मागितलं नाही. तिथं छापलेला तासाचा आकडा बहुधा कमीत कमी पासचा असतो. ज्या पासवर भगवा स्वच्छ आला, त्या पासवर घड्याळ लावलं. आमच्या दुकानापुरता मशीनचा खरा वेग तोच.

मग जागा आणि गाव. दहा फुटी मशीन म्हणजे भिंतीलगत पंधरा फुटांच्या आसपास जागा, शिवाय रोल चढवायला मागं-पुढं वाट. सहा फुटीला बरीच कमी लागते आणि उरलेल्या जागेत कटिंगचं टेबल बसतं. आमच्याकडे पावसाळा दमट, ओलसर फ्लेक्सवर शाई नीट धरत नाही, म्हणून रोल जमिनीवर ठेवायचे नाहीत. थंडीत उलट, कोरड्या हवेत स्थिर वीज जमते. अर्थिंग कच्चं असलं की ती थेट हेडच्या बोर्डावर उतरते. नव्या अर्थिंगचा खड्डा आणि ऑनलाइन यूपीएस यांचा खर्च मशीनच्या किमतीतच धरावा. पुराचंही बघावं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि 2019 अन् 2021 मध्ये व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्लीत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. कपाटातला माल पोरं माळ्यावर टाकतात, दहा फुटी मशीन कोण उचलणार?

शेवटचं पारडं कायद्यानं झुकवलं. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2017 मध्ये बेकायदा फलकांबाबत कडक आदेश दिले. जुलै 2022 पासून 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आली. नेहमीचं फ्लेक्स त्याहून जाड, म्हणून धंदा थांबला नाही, पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते समजलं. मे 2024 मध्ये घाटकोपरला महाकाय होर्डिंग कोसळून माणसं गेली, तेव्हापासून मोठ्या फलकाच्या परवानगीला कुणी सहज हात घालत नाही. दुसरीकडे राज्याच्या दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षर इतर लिपींपेक्षा लहान चालत नाही असं ठरलं. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिल्यावर ती गोष्ट सगळीकडेच गांभीर्यानं घेतली जाऊ लागली. एका बाजूचं काम आकसतंय, दुसऱ्या बाजूचं वाढतंय. वाढणारं काम चार-सहा फुटांतलं आहे, जवळून वाचायचं आहे आणि देवनागरीतलं आहे.

आम्ही सहा फुटी इको सॉल्व्हंट घेतलं, दोन आय-3200 हेडांचं. दहा फुटी काम येतं तेव्हा ते गावातल्याच दुसऱ्या दुकानात जॉबवर्कला देतो. आमचं मार्जिन थोडं कमी पडतं, पण त्या मशीनचा हप्ता आमच्या डोक्यावर नाही. निवड करताना दोन मशीन जवळपास सारखी होती. ज्याचा मेकॅनिक कोल्हापुरात राहतो ते घेतलं, जरी दुसरं कागदावर थोडं वेगवान होतं. रविवारी रात्री मशीन अडलं तर वेग कागदावरच राहतो, आणि ‘येतो दादा’ म्हणणारा माणूस तासाभरात दारात असतो.

ज्यांच्याकडे जुनं मशीन धापा टाकतंय, त्यांना एवढंच सांगायचंय. विक्रेत्याला फोन करण्याआधी वर्षभराची बिलं काढा आणि पैसा देणारं काम वेगळं करा. त्या कामाची फाइल आणि त्याचाच रोल घेऊन डेमोला जा. हेडचा भाव आणि मेकॅनिकचं गाव लिहून घ्या. आणि हे सगळं गणपतीच्या आधी नव्हे, दिवाळीनंतरच्या निवांत महिन्यात करा.